साखळी, सावली आणि पाणी: घराबाहेर ठेवलेल्या पाळीव प्राण्यांसाठी पुणे महापालिकेचे नियम हवेत

जास्वंद (धागाकर्ती)

मंडळी, थेट मुद्द्यावर येते. पुण्यात कुणी आपला कुत्रा बारा महिने गेटपाशी आखूड साखळीने बांधून ठेवला, तर पहिल्या गुन्ह्याला कायद्याने होणारा दंड कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा, आणि दंडही तेव्हाचाच. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कैद झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

कायद्यात काही नाही असं नाही. कलम ११ वाचलं तर सगळं आहे. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी काळ बांधू नका, सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवा, पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा द्या, टाकून देऊ नका. पण अवाजवी म्हणजे किती? चार तास की चौदा? दोन फूट की दहा? तिथे एकही आकडा नाही, त्यामुळे तक्रार घेऊन गेलं की चर्चा तिथेच संपते. मालक म्हणतो, "मला वाजवी वाटतं." चौकीतले साहेब म्हणतात, "ताई, त्यांचा कुत्रा आहे."

आमच्या मागच्या गल्लीत एका बंगल्याच्या पोर्चमध्ये एक लॅब्रॅडॉर आहे. वर फायबरचा पत्रा. दुपारी दोनला त्या पत्र्याखाली हात धरला तर भाजल्यासारखा होतो. स्टीलचं पातेलं साखळीत अडकून रोज उलटं होतं आणि संध्याकाळपर्यंत तसंच पडून असतं. साखळी जिथवर पोचते तिथवरची फरशी त्याच्या फेऱ्यांनी गुळगुळीत झाली आहे, त्यापुढे धुळीचा थर. त्या घरातली माणसं दुष्ट नाहीत. गणपतीला आम्हाला प्रसाद आणून देतात. "आम्ही कुत्र्याला दोन वेळा जेवायला घालतो की," असं ते मनापासून म्हणतात. म्हणूनच मला वाटतं की प्रेमाच्या आवाहनांवर हे सोडता येणार नाही. किमान काय करायलाच हवं हे कुठेतरी लिहिलेलं हवं.

म्हणून माझं म्हणणं असं, की पुणे महापालिकेने पाळीव प्राण्यांच्या परवान्याला जोडून उपविधी (म्हणजे महापालिकेचे स्वतःचे स्थानिक नियम) करावेत आणि त्यात मोजता येतील अशा अटी असाव्यात. सलग किती तास बांधायचं (मसुद्यात सध्या चार लिहिलेत), साखळीची किमान लांबी किती, दिवसभर सावली पडेल अशी जागा, न उलटणारं पाण्याचं भांडं, पावसाळ्यात जमिनीपासून उंच कोरडा ओटा. मार्च ते जून दुपारी बारा ते चार उघड्यावर किंवा पत्र्याखाली बांधायला बंदी. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला साखळी नाहीच. कुत्र्यांची नोंदणी महापालिकेत बंधनकारक आहेच, २०२२ मध्ये मांजरांचीही आली. पण परवाना देताना रेबीजची लस पाहतात, प्राणी राहतो कुठे हे कुणी विचारत नाही.

एक विसंगती बघा. पेट शॉपमध्ये पिल्लू कसल्या जागेत ठेवायचं याचे केंद्राचे नियम २०१८ पासून आहेत. तेच पिल्लू विकत घेऊन कुणी घरी नेलं की त्याच्या जागेचं मोजमाप संपतं.

तुमची मतं हवीत. विरोधातली तर जास्त हवीत, कारण मसुदा पुढे न्यायचा आहे.

पेठकर

ताई, तळमळ पोचली, पण असहमत. रात्री साडेदहाला लक्ष्मी रोडवरून चालत घरी येऊन दाखवा. महापालिकेकडे नसबंदीला माणसं पुरत नाहीत, गाड्या पुरत नाहीत. त्यात बंगलेवाल्यांच्या साखळ्या मोजत कोण फिरणार? आधी भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सोडवा. माझ्या आईला कुत्रं चावलं तेव्हा इंजेक्शनांसाठी झालेली धावपळ मी विसरलेलो नाही.

डॉ_पंजा

सिंहगड रोड भागात प्रॅक्टिस करतो, म्हणून जे टेबलावर दिसतं तेवढंच लिहितो.

एप्रिल-मे. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजाच्या तळव्यांना. बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. भोवतालची हवाच तापलेली असेल तर धापांनी काही होत नाही. नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट. १०६ च्या पुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंड, आतडी, सगळ्यांना मार बसतो. मोकळा कुत्रा स्वतःच उठून जिन्याखाली, मोरीत, झाडाखाली जातो. बांधलेल्याला ती सोय नाही. पोर्चमध्ये सकाळी सावली असते म्हणून तिथे बांधतात आणि ऑफिसला जातात, अकरानंतर ऊन तिथेच येतं. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जाती आधी कोसळतात, मग हस्की, सेंट बर्नार्ड. (कुठे असं झालेलं दिसलं तर साधं पाणी अंगावर ओता, पंख्याखाली घ्या, तोंडात जबरदस्तीने पाणी घालू नका, आणि लगेच डॉक्टरकडे न्या.)

पावसाळ्यात दुसराच प्रकार. पिल्लू असताना घातलेला पट्टा कुणी सैल करत नाही. मान वाढते, पट्टा कातडीत रुततो, केसांखाली दिसत नाही. वास यायला लागला की आणतात. केस कापले की जखमेत अळ्या. एका जर्मन शेफर्डच्या मानेतून पट्टा काढायला आम्हाला भूल द्यावी लागली. पट्टा आणि कातडी वेगळी करताना आतली बाजू ओली लाल, आणि तो भुलीतून उठल्यावर पहिल्यांदा मान पूर्ण वळवून मागे बघत होता. मालकाला खरंच माहीत नव्हतं.

ओल्या जमिनीवर बांधलेल्यांना लेप्टो होतो. उंदरांच्या मुतातून येणारा हा रोग माणसालाही होतो, म्हणजे तुमच्या पोर्चमधला आजारी कुत्रा हा तुमच्या घराच्याही आरोग्याचा प्रश्न आहे. गोचीड तर वर्षभर. गोचीडताप रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, आणि बाहेर बांधलेला कुत्रा मलूल झालाय हे लक्षात यायलाच घरच्यांना चार दिवस लागतात, कारण त्याच्याजवळ कुणी बसलेलंच नसतं.

पेठकर, तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं. पण हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. वर्षानुवर्षे बांधून ठेवलेला, माणसांची सवय नसलेला कुत्रा साखळी तुटली की चावतो. आणि नसबंदी न केलेला पाळीव नर रात्री मोकळा सोडला जातो, नको असलेली पिल्लं पोत्यात घालून कॅनॉलच्या कडेला सोडली जातात. भटक्यांची संख्या आभाळातून पडत नाही.

मुळशीवाला

शेतकरी आहे, घरी दोन कुत्री आहेत, म्हणून बोलतो. शहरातल्या लोकांनी नियम करायचे आणि आम्ही गुन्हेगार व्हायचं, असं नको. आमच्याकडे कुत्रं दिवसा बांधतात, कारण पाहुणा येतो, पोस्टमन येतो, शेजारच्या कोंबड्या असतात. रात्री सोडतात. ते राखणीचंच असतं. त्याला भाकरी-दूध मिळतं, गोठ्यात सावली मिळते. सलग चार तासांचा नियम केला तर आम्ही शेतात असताना त्याला सोडायला कोण येणार?

पण एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या बाजूची आहे. आमच्याकडे पुण्या-मुंबईच्या लोकांची फार्महाऊस झालीत. शनिवार-रविवारी येतात, पाच दिवस कुत्रं तिथेच. राखणदाराला पैसे दिलेले असतात, तो कधी येतो कधी नाही. आणि रात्री बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट. मोकळं कुत्रं निदान भुंकत घरात शिरतं. बांधलेलं काय करणार? सकाळी नुसती साखळी आणि पट्टा राहतो. एका फार्महाऊसवर असं झालं तर महिन्याभरात त्याच साखळीला नवं पिल्लू आणून बांधलं. ते बघून माझ्या बायकोने दोन दिवस नीट जेवण केलं नाही.

जास्वंद (धागाकर्ती)

मुळशीवाले दादा, तुमच्या प्रतिसादामुळे मसुद्यातलं एक कलम बदलतेय. "सलग चार तास" काढून दिवसभरात एकूण तासांची मर्यादा घालूया, आणि गोठा, ओसरी अशी सावलीची पक्की जागा असेल तर ती मर्यादा सैल ठेवूया. तुमची कुत्री रात्री मोकळी असतात, म्हणजे त्यांचं अर्धं आयुष्य मोकळं जातं. माझा आक्षेप ज्यांची साखळी कधीच सुटत नाही त्यांच्याबद्दल आहे.

बिबट्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला होता, त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्यात तर हे रोजचं आहे. तेव्हा जिथे बिबट्याचा वावर आहे तिथे रात्री उघड्यावर बांधायला बंदी आणि बंद निवारा सक्तीचा, हे वेगळं कलम घालते. माणसांच्या सुरक्षेसाठीही ते लागेल, कारण बांधलेल्या कुत्र्यासाठी बिबट्या अंगणापर्यंत येतो.

आणि मालक रात्री राहत नाही अशा जागी प्राणी एकटा बांधून ठेवायचा नाही. यावर मी तडजोड करणार नाही.

काळा_कोट

वकिली करतो. थोडं कायद्याचं.

धागाकर्तीने दंड बरोबर सांगितला, पण खरी अडचण दंडाच्याही आधी येते. कलम ११ खालचे बहुतेक गुन्हे, साखळीचा धरून, अदखलपात्र आहेत. पोलीस एन. सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. त्यात कलम ३६ म्हणतं की गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल व्हायला हवा. एन. सी.ची प्रत घेऊन फिरण्यातच तेवढा वेळ जातो.

तरी हातात काही आहे. कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाच्या पोलिसाला प्राणी ताब्यात घेऊन जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीला नेता येतो, कलम ३४. दोष सिद्ध झाला तर न्यायालय मालकी काढून घेऊ शकतं, कलम २९. प्राण्याला मारलं, विष घातलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणजे कुत्रा मेल्यावर कायदा जागा होतो, तो झिजत असताना नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नागराजा प्रकरणात (जल्लिकट्टूचा खटला) म्हटलं की प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं १९६० च्या कायद्यात अभिप्रेत आहेत: भूक-तहान, त्रास, वेदना-आजार, भीती यांपासून मुक्ती आणि नैसर्गिक वागण्याची मुभा. अर्जात त्या निकालाचा उल्लेख जरूर करा. केंद्राने २०२२ मध्ये कायदा दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी काढला होता, दंडाची रक्कम बरीच वाढवणारा. त्याचा कायदा झालेला नाही.

आता महापालिकेचं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार उपविधी करता येतात. हरकती-सूचना, मुख्य सभेची मंजुरी आणि राज्य शासनाची मान्यता, हे सगळं लागतं. उपविधीतला दंड फार मोठा ठेवता येणार नाही, म्हणून माझा सल्ला: सगळा भर परवान्यावर ठेवा. अट मोडली तर आधी लेखी नोटीस, मुदत, पुन्हा तपासणी, आणि तरी ऐकलं नाही तर परवाना रद्द. परवान्याशिवाय पाळता येत नसेल तर माणूस आपोआप ऐकतो. शिवाय अवाजवीचा अर्थ पुण्यापुरता आकड्यांत लिहिलेला असेल, तर उद्या कलम ११ च्या खटल्यातही दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवायला काहीतरी राहील. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा तोच.

अजून एक. २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी. तिचं काम काय चाललंय, बैठका होतात का, निरीक्षक किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. त्याला फक्त एक अर्ज लागतो.

गच्चीवरची

मला वेगळीच भीती वाटते. आमच्या सोसायटीत तीन मांजरं आणि दोन कुत्री आहेत आणि कमिटी त्यांच्या मागे हात धुऊन लागली आहे. लिफ्ट वापरू नका, बागेत आणू नका. प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. ती छापून नोटीस बोर्डावर लावली तेव्हा कुठे शांत झाले. असे उपविधी आले तर हेच लोक रोज उठून तक्रारी करतील, "हिची मांजर दोन तास बाल्कनीत होती." भाड्याने राहणाऱ्यांना तर घर सोडावं लागेल. तक्रार कोण करू शकतं आणि खोटी तक्रार केली तर काय, हे आधी लिहा.

आणि तुमचा मसुदा सगळा कुत्र्यांचा आहे. मांजरांचं काय? पर्शियन मांजर हौसेने आणतात, केस गळतात म्हणून बाल्कनीत पिंजऱ्यात ठेवतात. तो पिंजरा इतका लहान असतो की रेतीचा ट्रे आणि जेवणाची वाटी एकमेकांना चिकटून. समोरच्या इमारतीत सातव्या मजल्यावरून एक मांजर पडली, बाल्कनीला जाळी नव्हती. जाळी सक्तीची करा.

जास्वंद (धागाकर्ती)

अगदी रास्त. तक्रारीसोबत तारीख-वेळ दिसणारे वेगवेगळ्या दिवसांचे फोटो किंवा व्हिडिओ आणि तक्रारदाराची सही. निर्णय महापालिकेच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने जागेवर पाहून घ्यायचा, सोसायटीच्या कमिटीला त्यात अधिकार शून्य. "या नियमांचा वापर करून कुठल्याही सोसायटीला प्राणी पाळण्यास मनाई करता येणार नाही," असं एक वाक्यच टाकते. मांजरांसाठी जाळी आणि पिंजऱ्याचं माप, दोन्ही घेते.

पिंजऱ्यावरून आठवलं. बाल्कनीत टांगलेले राघू दिसतात अजून, पेठांत आणि उपनगरांतही. त्यांना नवा नियम नको. देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. वन विभागाला कळवा.

डॉ_पंजा

जाळीला दोन्ही हातांनी पाठिंबा. पावसाळ्यात कठडे निसरडे झाले की मोडक्या जबड्याच्या मांजरी येतातच.

ऑस्टिनहून_अभय

मूळचा सहकारनगरचा, आता टेक्सासात. इथेही उन्हाळा पुण्यापेक्षा वाईट, आणि अंगणात कुत्रं बांधायची पद्धत जुनी. २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेलं, या पद्धतीला आवर घालणारं विधेयक राज्यपालांनी जूनमध्ये नाकारलं. फार बारीक नियम आहेत, असा आक्षेप होता. लोकांनी पाठपुरावा सोडला नाही, त्याच वर्षी खास अधिवेशनात ते पुन्हा मंजूर झालं आणि १८ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. लोखंडी साखळी बंद. दोरी किंवा पट्टा कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट किंवा १० फूट, जे जास्त असेल ते. निवारा, सावली, पिण्याचं स्वच्छ पाणी. आधी मालकाला इशारा देऊन २४ तास थांबावं लागायचं, ती अट काढून टाकली. त्या २४ तासांत मे महिन्यातला कुत्रा मरतो, हे पटवून द्यावं लागलं.

आणि शहरं राज्याच्या पुढे होती. ऑस्टिनचा नियम राज्याच्या कायद्याच्या कितीतरी आधीचा आणि जास्त कडक. म्हणून महापालिकेपासून सुरुवात करायची ही कल्पना मला पटते. पेनसिल्व्हेनियाच्या २०१७ च्या कायद्यात तर तापमानच लिहिलंय: पारा ९० फॅरेनहाइटच्या वर, म्हणजे साधारण ३२ सेल्सियस, असेल तर अर्ध्या तासापेक्षा जास्त बांधायचं नाही.

जास्वंद (धागाकर्ती)

३२ पुण्यात लावलं तर मार्चपासून दुपारी कुणालाच बांधता येणार नाही. तसं झालं तर मला आनंदच आहे, पण मंजूर होणार नाही. घड्याळाची वेळ ठेवूया, ती तपासायला थर्मामीटर लागत नाही. पाचपट लांबीचं माप मात्र उचलते. डॅशहुंड आणि ग्रेट डेनला एकच दोरी नको, हे त्यात आपोआप येतं.

वाघोली_बायपास

एक मोठा गट सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय. बांधकामाच्या साइटवरची कुत्री. वाघोली, धानोरी, उंड्री, कुठेही जा. साइट सुरू झाली की एक पिल्लू आणतात, पत्र्याच्या शेडला बांधतात. वॉचमन बिचारा स्वतः त्याच शेडमध्ये राहतो, आपल्यातलं अन्न त्याला देतो. इमारत पूर्ण झाली की वॉचमन दुसऱ्या साइटवर, आणि कुत्रं तिथेच. मग फ्लॅटवाले म्हणतात, हे भटकं कुठून आलं? १९६० च्या कायद्यात टाकून देणं हा गुन्हा आहे, पण मालक कोण? कागदावर कुणीच नाही. नियम असा करा की साइटवर बांधलेल्या कुत्र्याची नोंदणी बिल्डरच्या नावाने. वॉचमनला दंड झालेला मला चालणार नाही.

पेठकर

वाघोली बायपास यांचा मुद्दा पटला, आणि डॉक्टरांचाही. भटक्या कुत्र्यांचा एक नळ इथून वाहतोय, तो बंद करायला माझा विरोध असण्याचं कारण नाही. पण माणसं कुठून आणणार हा प्रश्न कायम आहे. दर वर्षी परवाना नूतनीकरणाच्या वेळी मालकाकडूनच जागेचा फोटो मागवा: प्राणी झोपतो ती जागा, पाण्याचं भांडं, दोरी. ऑनलाइन. निरीक्षक फक्त तक्रार आली तिथेच जाईल. आणि नसबंदी केलेल्या पाळीव प्राण्याला परवाना शुल्क माफ, म्हणजे लोक स्वतःहून येतील. एवढं घातलंत तर मी सही करतो आणि आमच्या वाड्यातल्या लोकांच्याही आणतो.

काळा_कोट

फोटोची कल्पना उत्तम. स्वयंघोषणापत्रासोबत घ्या. खोटं निघालं तर परवाना रद्द करायला वेगळं कारण शोधावं लागत नाही. बिल्डरचा मुद्दा बांधकाम परवानगीच्या अटींत टाकता येईल का, तेही विचारू. वॉचमनपेक्षा तिथे दाब जास्त बसतो.

जास्वंद (धागाकर्ती)

सगळं घेतलं. पेठकर काका, शुल्कमाफी पहिल्या पानावर टाकली आहे. सुधारलेला मसुदा उद्या इथेच चिकटवते. ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकांना आणि क्षेत्रीय कार्यालयात सहीची प्रत द्या, आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकते. डॉक्टर, तुमच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्यांच्या सह्या घेता येतील का?

डॉ_पंजा

काउंटरवर ठेवतो. शेजारच्या दोन डॉक्टरांशीही बोलतो. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत, हेही मसुद्यात घाला. तपासायला सगळ्यात सोपं तेच आहे.

मुळशीवाला

महापालिकेची हद्द आमच्यापर्यंत येत नाही, पण फार्महाऊस सगळी आमच्याकडेच. ग्रामपंचायतीचा ठराव तरी होऊ शकतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी मांडतो. सरपंचांशी बोललो, ते म्हणाले बिबट्याचं कलम असेल तर लोक हात वर करतील. मला ते एका पानात, मोठ्या अक्षरात पाठवा. कलमांचे आकडे नकोत, रात्री बांधायचं नाही आणि माणूस नसताना ठेवायचं नाही, एवढं ठळक हवं.

जास्वंद (धागाकर्ती)

दादा, आज रात्रीच पाठवते. खाली फार्महाऊसच्या मालकांच्या सहीसाठी जागा सोडते, म्हणजे शनिवारी ते आले की तुम्हाला दारात जाऊन देता येईल.